तपासनिसाचा नमस्कार

गावच्या साप्ताहिकातल्या फोटोत माझे बाबा अर्धेच आले होते. पगडीची कड, खांद्यावरचं उपरणं आणि एका हातातली झांज. मधोमध होते आमच्या नीडरलिंडन गावचे बुर्गरमाइस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, हेर हाल्बाख. खांद्यावर शाल, दोन्ही हातांत धरलेला नारळ, पायांत राखाडी मोजे. आणि त्या मोज्यांशी वाकलेला माझा नवरा.

खाली एकच ओळ होती. मराठीत तिचा अर्थ असा, की तपासणारा, आणि ज्याची तपासणी चालू आहे तो.

"चांगला आलाय की," बाबा म्हणाले. त्यांना जर्मन येत नाही. "कात्रण काढून ठेव नीलू, पुण्याला दाखवू."

उल्हासने साप्ताहिकाची घडी केली आणि पावाच्या टोपलीखाली सरकवली. मग टोपली उचलून परत काढलं, परत पाहिलं. अन्वी तेव्हा तेरा वर्षांची. तिने वरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ओ गॉट, पापा. पाइनलिष." म्हणजे लाज आणलीस.

"काय म्हणते?" बाबा.

"छान आलाय म्हणते," मी म्हणाले.

दोन हजार सातचा ऑक्टोबर होता. उल्हास एश्बॉर्नला हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कन्सल्टंट, आणि आम्ही राहतो तिथून एस-बानने, म्हणजे लोकलने, थोडं पुढे, नीडरलिंडनला. जर्मन पासपोर्ट घेतल्यावर त्याने एक उद्योग केला, गावच्या सभेच्या निवडणुकीला उभा राहिला. कुठल्याच मोठ्या पक्षाची नसलेली नागरिकांची एक यादी होती, तिच्यात अगदी तळाशी त्याचं नाव. इथली मतपत्रिका सतरंजीएवढी असते, आणि आवडत्या माणसाला एकट्याला तीन-तीन मतं देता येतात. शाळेतल्या आईबापांनी आणि सकाळच्या एस-बानमधल्या ओळखीच्यांनी ती दिली असणार, कारण आमच्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना इथे मतच नव्हतं. तळातला उल्हास मिरजकर वर येऊन सभेत बसला. आम्ही पेढे वाटले. काय वाटतोय ते तेव्हा कळलं नव्हतं.

भांडण अंदाजपत्रकाचं होतं. गावाच्या बुर्गरहाउसचं, म्हणजे सार्वजनिक सभागृहाचं, छप्पर गळत होतं. सभेने त्यासाठी पैसे मंजूर केले, ते पुरले नाहीत. हेर हाल्बाखनी खालच्या आळीतल्या नाल्यांसाठी राखून ठेवलेले पैसे छपराकडे वळवले, सभेला न विचारता. पुढे वादळी पाऊस झाला, नाले तुंबले, आणि खालच्या आळीतल्या तळघरांत पाणी शिरलं. लोक चिडले. सभेने फाइली तपासायला एक समिती नेमली आणि तिचा अध्यक्ष निवडला, उल्हास.

"मलाच का?" त्याने विचारलं होतं.

"कारण तू इथे कुणाचाच मेहुणा नाहीस," फ्राऊ ब्रिंकमान म्हणाल्या होत्या. त्या नागरिकांच्या यादीच्या पुढारी, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. पक्षात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे साठी उलटलेल्या बाईंना उल्हास तू म्हणतो. माझ्या जिभेवर अजून ते येत नाही.

आता या सगळ्यात आमचा गुंता असा, की त्याच बुर्गरहाउसच्या छोट्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचं भजन आणि बाबा आले की कीर्तन व्हायचं. गावातल्या मंडळांना हॉल मोफत, तसा हाल्बाखनीच कधीकाळी करून घेतलेला ठराव होता. आणि मंडळाचा अध्यक्षही उल्हासच.

बाबा साताऱ्याच्या कोर्टात सरकारी वकील होते. कीर्तन ही त्यांची हौस. निवृत्तीनंतर तोच त्यांचा श्वास झाला. आई गेल्यावर दर वर्षी तीन महिने आमच्याकडे येतात, बॅगेत कपडे कमी आणि झांजा, चिपळ्या, पगडी, बुक्का जास्त. विमानतळावर बुक्क्याची काळी पूड पाहून कस्टमवाल्यांनी त्यांना एकदा चांगलंच थांबवून ठेवलं होतं. बाबांनी त्या अधिकाऱ्याच्या कपाळाला बुक्का लावून दाखवला, तेव्हा सोडलं.

मला कुणी विचारलं, तुला काय आवडतं, तर मी दुसरं काही सांगणारच नाही. पूर्वरंगात बाबा एखादा विचार उलगडत नेतात, मग मध्ये हार, बुक्का, गजर, आणि मग आख्यान. आख्यानं बाबा स्वतः रचतात, बरीचशी कोर्टात पाहिलेली. बोलता बोलता आवाज एकदम साकीत चढतो, मी पेटीवर मागोमाग जाते, आणि समोर बसलेली कन्सल्टंट मंडळी लहान मुलांसारखी तोंड उघडी टाकून बघत असतात. दुःख असलं तरी गाऊन सांगितलं की माणसाला ते पेलतं, हे मला तिथे बसून कळलेलं आहे.

त्या शनिवारी गावात आंतरसांस्कृतिक सप्ताह चालू होता, म्हणून हेर हाल्बाख येणार होते. आमंत्रण उन्हाळ्यातच गेलेलं, समिती नेमण्याच्या आधी. उल्हास म्हणाला होता, "बाबा, या वेळी ते नसते आले तर बरं."

"आलेल्या पाहुण्याला परत पाठवू? कीर्तनातून?"

"परत नको. पण पुढे पुढेही नको. येऊ देत, मागे बसू देत."

ते आले, दारात बूट काढले, मागच्या खुर्चीत न बसता सतरंजीवर बसले. मोठा माणूस, गुडघे काही केल्या दुमडेनात. अन्वी शेजारी बसून कानात जर्मनमध्ये सांगत होती. दोन भाऊ आणि एका विहिरीचं आख्यान होतं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. गजराला टाळ्याही वाजवल्या, सगळ्या उलट्या ठेक्यात.

तिथे बाबा विरघळले.

कीर्तनाची गादी म्हणजे बघायला गेलं तर सतरंजीवर अंथरलेला लाल गालिचा. पण तिच्यावर उभा राहून जो कीर्तन करतो, त्याला सगळे वाकतात, वडीलधारेसुद्धा. बाबांच्या थोरल्या भावाला मी बाबांच्या पाया पडताना पाहिलंय. नमस्कार गादीला असतो, माणसाला नाही. म्हणूनच कीर्तनकाराशिवाय तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. मला हे बाबांनीच शिकवलं. आणि त्या दिवशी आरती संपल्यावर, "या साहेब, या," करत बाबांनीच हाल्बाखना हाताला धरून गादीवर ओढलं, शेजारी उभं केलं आणि शाल मागवली.

रांग लागलेली होतीच. बुक्क्याचं ताट घेऊन उल्हास पहिला. त्याने बाबांना बुक्का लावला, वाकला. आणि आपल्याकडे लग्नाकार्यात बघा, ओळीने मोठी माणसं उभी असली की वाकलेला माणूस मध्ये सरळ होत नाही, तसाच पुढच्या पायांकडे सरकतो, सगळे नमस्कार आटोपूनच उठतो. तसा तो सरकला. मी पेटीवर होते, मला समोर दिसत होतं. मोज्यांना हात लागल्यावर तो दचकला, वर पाहिलं. तेवढ्यात साप्ताहिकाच्या मुलीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं.

शाल मंगळवारी परत आली, पदावरच्या माणसाने भेट घ्यायची नाही या नियमाप्रमाणे, सोबत छापील आभार. नारळाचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर उल्हासला एका जागी बसवेना. सकाळी एस-बानमध्ये ओळखीची माणसं हात जोडून दाखवायची, "नमस्ते, हेर मिरजकर!" थट्टाच असायची, पण तो डबा बदलायला लागला. घासलेली भांडी परत घासायचा. बागेतली पानं झाडून ढीग करायचा आणि तोच ढीग उचलून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा. मी म्हणायचे, "अरे, बस ना जरा." तो म्हणायचा, "बसलोय की," आणि उभा असायचा.

रविवारी फ्राऊ ब्रिंकमान चहाला आल्या. बाबा खोलीत रियाज करत होते, वर राहणाऱ्या फ्राऊ रोट घरी नव्हत्या, त्यामुळे आमचं सगळं बोलणं झांजेच्या तालावर चाललं होतं.

"मला एकदा समजव," त्या उल्हासला म्हणाल्या. "का वाकलास?"

"मी त्यांना नाही वाकलो. तो नमस्कार... आल्झो, जिथे उभं राहून कीर्तन करतात ना, त्या जागेला असतो. तो लाल गालिचा होता ना, त्याला."

"गालिच्याला."

"गेनाऊ. बरोबर."

फ्राऊ ब्रिंकमाननी आमच्या बैठकीच्या खोलीतल्या गालिच्याकडे पाहिलं आणि आपले पाय हळूच खुर्चीखाली घेतले. मला हसू आवरेना. मी बिस्किटं आणायच्या निमित्ताने उठले.

परत आले तेव्हा आवाज बदलला होता.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," त्या म्हणत होत्या. "पण गाव काय म्हणतंय ऐकलंस? म्हणतंय, हा हाल्बाखना सोडवणार. फुकट हॉल मिळतो ना. आता यावर उपाय एकच. अहवालात लिही, हाल्बाखनी सभेला जाणूनबुजून अंधारात ठेवलं. मग त्यांना पदावरून काढायचा ठराव आणता येईल, आणि तो फोटो कुणाला आठवणारसुद्धा नाही."

"त्यांनी विचारलं नाही हे फाइलीत आहे. जाणूनबुजून हे फाइलीत नाही."

"कोण लिहून ठेवेल असलं?"

"कुणी नाही. पण मग मी तरी कसं लिहू?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या तळघरात गुडघ्याएवढं पाणी होतं, उल्हास. माझ्या आईचा शिवणाचा टेबल होता तिथे. फुगून फुटला. मी तुला खोटं लिहायला सांगत नाहीये. मी सांगतेय, जे सगळ्यांना ठाऊक आहे ते लिही."

त्या गेल्यावर उल्हास बराच वेळ दारातच उभा होता. त्या बाई काही वाईट नाहीत, हेच तर अवघड होतं. वाईट असत्या तर एक नमस्कार करून मोकळे झालो असतो.

तेव्हापासून त्याच्या लॅपटॉपवर ते वाक्य येजा करायला लागलं. संध्याकाळी घातलेलं असायचं, सकाळी नसायचं. मी चहा ठेवताना बघायचे. एकदा तर पूर्ण परिच्छेद होता, हाल्बाखांची सवय, हाल्बाखांचा उर्मटपणा. उल्हासच्या हातून असली भाषा मी कधी पाहिली नव्हती. ती भाषा हाल्बाखांबद्दल नव्हतीच. फोटोतल्या वाकलेल्या माणसाला तो ओरबाडून काढत होता.

शेवटी मी बाबांना सगळं सांगितलं, त्या फोटोखालच्या ओळीसकट.

बाबा म्हणाले, "कात्रण फाडून टाक." थोड्या वेळाने, "गादीवर मीच ओढलं गं त्यांना. मला वाटलं, एवढा मोठा माणूस मांडी घालून बसला." आणि मग उठून कोट घातला, "उल्हासराव, चला, पाय मोकळे करून येऊ."

मीही गेले. खालच्या आळीत ओढ्याकाठी रस्ता आहे. नाल्याच्या तोंडाशी आता नवीन लोखंडी जाळी बसवली होती, पानं अडकून पाणी कडेने वाहत होतं. उल्हास वाकून काठीने पानं काढायला लागला.

"मी कोर्टात असताना," बाबा म्हणाले, "नवीन पोरं यायची, म्हणायची, सर, केस जिंकायची. मी म्हणायचो, सरकारी वकिलाला जिंकायचं नसतं बाबा. आहे तेवढं कोर्टापुढे ठेवायचं. आरोपीच्या बाजूचं असेल तेही ठेवायचं."

"आणि आरोपी सुटला की?"

"जेवण जात नाही त्या दिवशी. ते कुठे नाकारतोय मी?"

उल्हास काठीवर रेलला. "तुमचं बरं होतं बाबा. तुम्हाला सरकारने नेमलं होतं. मला लोकांनी निवडून दिलंय. लोकांना ताव चढलाय, त्यांना कोणीतरी हवाय. मी 'सांगता येत नाही' म्हटलं तर म्हणणार, विकला गेला."

"म्हणतील की."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला!"

एवढ्या वर्षांत तो बाबांशी असा बोलला नव्हता. बाबांना लागलं असावं. पण ते फक्त म्हणाले, "तिकडची पानं राहिली बघा," आणि काठीने दाखवलं.

डिसेंबरच्या सभेची कार्यक्रमपत्रिका आली आणि आणखी एक खडा पडला. आधी समितीचा अहवाल होता, आणि मग पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक, त्यात एक प्रस्ताव, की बुर्गरहाउसचा छोटा हॉल बंद करून ती बाजू एका फिजिओथेरपीवाल्याला भाड्याने द्यावी, आणि तो पैसा नाल्यांना. हाल्बाखांच्या लोकांनी उपसूचना दिली होती, हॉल मंडळांसाठी चालूच ठेवावा. मतं जवळपास समान होती. फ्राऊ ब्रिंकमान अर्थातच नाल्यांच्या बाजूने.

"तुमच्या मतावर आहे म्हणजे!" बाबांचे डोळे चमकले. "द्या मत, हॉल राहतोय."

"मला त्या वेळी बाहेर जावं लागेल बहुतेक," उल्हास म्हणाला. "मंडळाचा अध्यक्ष आहे मी. माझं हित आहे त्यात."

आणि इथे माझ्या बाबांच्या अंगातला वकील जागा झाला. "एकट्या तुमच्या मंडळाचं हित आहे का? विणकाम मंडळ आहे, बुद्धिबळवाले आहेत, कार्निव्हलवाले आहेत. सगळ्या गावाचा हॉल. अशा वेळी बसायला हरकत नसते, इथला कायदाही तेच म्हणत असणार. विचारा तुमच्या सभापतींना."

उल्हासने विचारलं. सभापतींनी फोनवर सांगितलं, बसायला काहीच हरकत नाही.

"बघा!" बाबा म्हणाले. तीन दिवस ते नव्या आख्यानाच्या चाली बसवत होते. पुढच्या वर्षी त्या हॉलमध्ये कुठे पेटी ठेवायची, कुठे गादी, खिडकीतून वारा कसा येतो, सगळं मला समजावत होते. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, देवा, राहू दे तो हॉल. लपवत नाही. मला तो हॉल हवा होता. तिथल्या लाकडी भिंतीत बाबांचा आवाज असा काही घुमायचा, की आई शेवटच्या ओळीत बसून ऐकतेय असं वाटायचं.

सभेला आम्ही तिघं प्रेक्षकांच्या बाकावर होतो. बाबा, मी, मध्ये अन्वी. गर्दी होती. खालच्या आळीतले लोक कोट न काढता बसले होते.

उल्हास उठला. कागद हातात होता. कुठलं वाक्य आहे कागदावर, मला माहीत नव्हतं. सकाळी मी मुद्दाम लॅपटॉपकडे पाहिलं नव्हतं.

"सभेला विचारायला हवं होतं," त्याने वाचलं, "विचारलं नाही. ही चूक आहे, आणि ती नगराध्यक्षांची आहे. त्याचं नुकसान खालच्या आळीतल्या माणसांनी सोसलं. का विचारलं नाही, हे फाइलींवरून सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते समिती सांगत नाही. एवढं मात्र फाइलींत आहे, की त्या महिन्यात सभेला सुटी होती आणि छप्पर उघडं होतं. तेही नोंदवतो."

अन्वी बाबांच्या कानात सांगत होती, अर्धं जर्मन, अर्धं मराठी. बाबांनी मान हलवली, गजराला हलवतात तशी.

मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आता पाया पड!" हशा झाला. उल्हासचे कान लाल झाले. फ्राऊ ब्रिंकमान हसल्या नाहीत, पण समोरच्या कागदावर काहीतरी आडवं खोडत राहिल्या. हाल्बाख उठले, "मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि बसले. उल्हासकडे त्यांनी पाहिलं नाही. अहवाल मंजूर झाला. कुणालाच आनंद झालेला दिसला नाही.

मग हॉल आला.

सभापतींनी उपसूचना वाचली, आणि उल्हासने खुर्ची मागे सारली.

"हेर मिरजकर," सभापती म्हणाले, "आपलं बोलणं झालंय. कायद्याने गरज नाही."

"हो, मला ठाऊक आहे," उल्हास म्हणाला, आणि टेबलांच्या मधून चालायला लागला. हाल्बाखांच्या बाजूची एक बाई हळूच "नाइन, नाइन" म्हणाली, नको, नको, जणू दुधाचं पातेलं उतू जातंय.

बाबांनी माझं मनगट धरलं. "अगं, हा चालला कुठे? मत?"

"एर गेट राउस, आजोबा," अन्वी म्हणाली. "म्हणजे बाहेर. त्याला जायची गरज नव्हती, तरी जातोय." मग तिच्या बापाच्या पाठीकडे बघत स्वतःशीच काहीतरी म्हणाली, जर्मनमध्ये. या वेळी पाइनलिष नव्हतं.

बाबा उठले. मी त्यांच्यामागे.

बाहेरच्या पॅसेजमध्ये कोटांच्या खुंट्या आणि एक गरम रेडिएटर. उल्हास सूचनाफलकापुढे उभा होता, अग्निशमन दलाच्या नाचाची जाहिरात वाचत.

"कुणी उठवलं तुम्हाला?" बाबांनी विचारलं. आवाज चढलेला होता.

"कुणी नाही."

"मग? मी सांगितलं होतं ना, बसता येतं! कायदा तुमच्या बाजूने होता!"

"हो. पण बसवेना."

"फोटोमुळे?"

उल्हास वळला. "तेच कळत नाहीये बाबा. फोटो नसता तर बसलो असतो, असं वाटतं. आणि तसं असेल तर मी काय केलं हे? खरेपणा केला की नुसती कातडी वाचवली? नीलिमा, तू सांग."

मी काय सांगणार? मला तर दाराआडून हात वर होताना ऐकू येतात का, असं वाटत होतं. आणि बाबा? त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला साकी असते, दिंडी असते. त्या वेळी ते फक्त रेडिएटरपाशी जाऊन उल्हासच्या शेजारी उभे राहिले, आणि तेही नाचाची जाहिरात वाचायला लागले, एक अक्षर कळत नसताना.

दार उघडलं. अन्वी.

"ग्लाइचश्टांड," ती म्हणाली. "समान मतं. म्हणजे... पडली ती उपसूचना. हॉल जातो."

"आणि हा आत असता तर?" बाबांनी विचारलं.

अन्वीला मराठी प्रश्न बरोबर कळला होता. ती बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

सभेला मध्यंतर झालं, माणसं बाहेर यायला लागली. हाल्बाख सिगरेट हातात घेऊन आले आणि आमच्यासमोर थांबले. उल्हासचे हात सवयीने जुळायला निघाले, अर्ध्यावर थांबले, खाली गेले.

"एक हात कमी पडला," हाल्बाख म्हणाले.

"हो."

"तुमचा."

"हो."

हाल्बाख रागावलेत की काय, काही कळेना. मग म्हणाले, "तो नारळ. हातोडीने फुटेना. शेवटी ड्रिल लावलं," आणि अंगणात निघून गेले.

"काय म्हणाले?" बाबा.

"नारळ फोडला म्हणाले."

"देवापुढे?"

"ड्रिलने."

बाबांनी कपाळाला हात लावला. मग एकदम म्हणाले, "गादी कुठाय?"

"छोट्या हॉलच्या कपाटात. पेटीशेजारी," मी म्हणाले.

"घेऊन येऊ."

"अहो बाबा, डिसेंबरअखेरपर्यंत हॉल आपलाच आहे. आणि घरी नेऊन करायचं काय? वर फ्राऊ रोट राहतात, झांज वाजली की काठीने जमीन ठोकतात."

"झांज नको मग. टाळी."

"टाळीलाही ठोकतात."

"मग हळू गाऊ. पण गादी आत्ता आणायची. नाहीतर मला चैन पडायचं नाही."

उल्हास गेला. परत आला तो गुंडाळलेला लाल गालिचा खांद्यावर घेऊन. पॅसेजमधल्या माणसांनी कॉफीचे कप सावरत वाट दिली. कुणीतरी हळूच हसलं. गालिच्याचं एक टोक सुटून मागे जमिनीला लागत होतं, ते बाबांनी उचलायला बघितलं, पण त्यांना वाकवेना.

बाहेरच्या दाराशी फ्राऊ ब्रिंकमान उभ्या होत्या. त्यांनी ते जड दार पाठीने रेटून उघडं धरलं.

"हाच का तो?" त्यांनी उल्हासला विचारलं.

"हाच."

त्यांनी दार धरून ठेवलं, आणि ते सुटलेलं टोक जवळ आलं तेव्हा आपला बूट बाजूला घेतला, पूर्ण बाजूला, भिंतीला लागेपर्यंत.

गालिचा गाडीत मावेना. शेवटी बाबा मागच्या सीटवर बसले आणि तो त्यांच्या मांडीवर आडवा ठेवला, टोक खिडकीबाहेर. उल्हासने खांद्यावरची धूळ झटकली, घड्याळ पाहिलं आणि परत आत गेला. नाल्यांवरचं मत अजून व्हायचं होतं.